माझी उजवी बाजू कुणी पळवली?

मी पडद्यांच्या दुकानाची वेबसाइट बोलतेय. दचकू नका. तुम्ही रोज आमच्यासारख्या कितीतरी जणींना उघडता, वरवर नजर फिरवता आणि बंद करता. पण आम्हीही तुमच्याकडे बघत असतो, हे तुमच्या ध्यानीमनीही नसतं. कोण चहाचा घोट घेत बघतंय, कोण कामाच्या जागी साहेबांची नजर चुकवून बघतंय, कोण शेजारणीच्या घरचे नवे पडदे पाहून आल्यावर जळफळत बघतंय, मला सगळं कळतं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला सवयच आहे म्हणा ना. खिडक्यांच्या धंद्यात जन्म झाला, त्याला मी तरी काय करणार?

पण एवढं डोकावूनही माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळलं नाही. माझी अख्खी उजवी बाजू गायब झाली, आणि मी नको त्या माणसांवर संशय घेत बसले. ते सगळं आज सांगून टाकते.

दुकान दोघी जावांचं. थोरली पडदे शिवते. धाकटी सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे आणि गाद्यांच्या खोळी शिवते. त्यांचे नवरे, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, घरोघरी जाऊन पडद्यांचे रॉड ठोकतात. दुकान लांबट आहे. पुढे काउंटर, त्यावर एक मोठा कॉम्प्युटर, मागे दोन शिलाई मशिनं, आणि मधोमध कापड कापायचं लांबलचक टेबल. मी त्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडी असते, त्यामुळे दुकानातला एकही शब्द माझ्या कानांतून सुटत नाही.

थोरलीचा एक नियम आहे. कुणी गिऱ्हाईक आलं आणि "खिडकी साधारण एवढी असेल हो" म्हणत दोन्ही हात पसरून दाखवायला लागलं, की ती कात्री खाली ठेवते. म्हणते, "हात पसरून माप होत नाही. तुमच्या खिडकीशी उभं राहून माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्यावर लिहायला हवं होतं. ते कुणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

मला तयार केलं ते चष्मेवाल्याने. चष्मेवाला म्हणजे थोरलीचा मावसभाऊ, दोन मुलांचा बाप, शांत माणूस. बोलण्याआधी चष्मा पुसतो, त्यामुळे समोरच्याचं बोलून होतं आणि ह्याचं राहून जातं. तो थोरलीच्या माहेरचा, हे धाकटीने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवलं होतं. मीही ठेवलं होतं.

"हे बघा," चष्मेवाला म्हणाला, "वर दुकानाचं नाव, खाली दोन भाग करू. एकीकडे पडदे, एकीकडे कव्हरं. ज्याचा त्याचा फोटो, ज्याचा त्याचा फोन नंबर."

"अगदी अर्धंअर्धं हं," धाकटी म्हणाली.

"हो, अर्धंअर्धंच. पण मी म्हणतो, थोडी सैल ठेवू. म्हणजे काच लहान-मोठी असली तरी..."

"सैल म्हणजे?" धाकटीचे कान टवकारले. "सैल ठेवली तर उद्या एकीची बाजू फुगायची आणि दुसरीची आकसायची. नको बाई. पक्की टीप मारा."

"हो रे," थोरलीनेही मान हलवली. "पक्कीच कर. नंतर कटकट नको."

चष्मेवाल्याने चष्मा पुसला. तोवर दोघी पुढच्या मुद्द्यावर पोचल्या होत्या. डावी बाजू कुणाची?

"तूच निवड," थोरली म्हणाली.

'ही मला का निवडायला सांगतेय?' हे धाकटीच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं. तिने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग थोरलीच्या तोंडाकडे. शेवटी म्हणाली, "मी उजवी घेते, ताई." आणि पटकन जोडलं, "नंतर बदलायची नाही हं."

मी तयार झाल्यावर तिने गळ्यातला टेप काढला आणि सरळ कॉम्प्युटरच्या काचेला लावला.

"अगं, काय करतेस?" थोरली हसायला लागली.

"माप घेते. दादा, तो बाण हलवू नका मध्येमध्ये, टेपवर येतोय."

"बाण टेपवर कसा येईल, वहिनी, तो काचेच्या आत आहे," चष्मेवाला म्हणाला. पण त्याने हात मागे घेतला.

दोन्ही बाजू सारख्या भरल्या. सुताचाही फरक नव्हता. मग थोरलीनेही हसत हसत टेप लावून बघितला. हसत होती, पण नीट वाकून आकडा बघत होती. मला तेव्हाच वाटलं, ह्या घरात सगळं ठीक आहे, फक्त टेप जरा जास्त आहेत.

सुरुवातीचे दिवस छान गेले. माणसं मला मोठमोठ्या काचांवर उघडायची, टेबलाशी बसून, सावकाश. डावीकडचे पडदे बघायची, उजवीकडची कव्हरं बघायची. कधी थोरलीचा फोन वाजायचा, कधी धाकटीचा. थोरली पडद्याच्या चुण्या घालता घालता म्हणायची, "तुझा वाजतोय गं, घे." धाकटी तोंडात टाचण्या धरून "हं, हं" करत धावायची. मोठा पडदा कापायचा असला की टेबलाच्या एका टोकाला थोरली आणि दुसऱ्या टोकाला धाकटी, दोघी कापड ताणून धरायच्या. एकटीने ते काम होतच नाही. एका बाजूने सरळ केलं की दुसऱ्या बाजूने फिरतं.

मग हळूहळू काचा लहान व्हायला लागल्या.

म्हणजे मला उघडणारी माणसं बदलली. आता ती टेबलाशी बसलेली नसायची. बसची वाट बघत उभी असायची. कडेवर मूल घेऊन, उरलेल्या एका हाताने मला उघडायची. खुर्चीवर चढून खिडकीशी उभी असायची. काच एवढीशी, तळहाताएवढी. तिथे शिरताना माझा जीव घुसमटायचा. आणि लोक चिमटीने माझे गालगुच्चे घ्यायचे! दोन बोटांनी धरून ओढायचे, मोठं करून बघायचे, पुटपुटायचे आणि निघून जायचे. ओळख ना पाळख, गालगुच्चे कसले घेता? मला ते अजिबात आवडायचं नाही.

त्याच सुमारास माझ्या उजव्या बाजूला कुणी हात लावेनासं झालं. डावीकडच्या नंबरावर बोटं पडत होती. उजवीकडे शुकशुकाट. आधी मी मनाची समजूत घातली, की कव्हरांचा हंगाम नसेल. मग वाटलं, धाकटीचा फोटो जुना झाला असेल. पण नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोजचंच होऊन बसलं. आपल्या घराची एक खोली कुणी बाहेरून कडी लावून बंद करावी, तसं ते वाटायचं.

मला संशय आला.

पहिला संशय चष्मेवाल्यावर. धाकटी बाजारात दोरा आणायला गेलेली असताना तो एकदा येऊन गेला होता. थोरलीच्या एका पडद्याचा फोटो बदलून गेला, एवढंच मला दिसलं. पण एवढंच होतं का? माणूस चष्मा पुसत पुसत काय काय करून जातो, कुणी सांगावं! दुसरा संशय थोरलीवर. तिचा फोन सारखा वाजायचा आणि ती तो घेऊन दाराबाहेर जाऊन बोलायची. मशिनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून जायची, हे मला माहीत होतं. तरी वाटायचं, बाहेरच का?

आणि मला जे वाटत होतं, ते धाकटीला माझ्या आधीपासून वाटत होतं.

तिने एकदा नवऱ्याचा फोन घेऊन स्वतःच्या नंबरावर लावून बघितला. वाजला. म्हणजे फोन ठीक होता. मग थोरली जेवायला घरी गेल्यावर तिने पुन्हा टेप काढला आणि माझं माप घेतलं. डावी, उजवी. पुन्हा डावी. तंतोतंत. तिने टेप गुंडाळला आणि स्वतःशीच म्हणाली, "टेप खोटं बोलत नाही. म्हणजे माणूसच खोटं वागतंय."

मलाही पटलं. कॉम्प्युटरवर तर मी अख्खीच्या अख्खी होते. मग चूक माझी कशी असेल?

त्यातून थोरली चांगुलपणा करायला जायची आणि आगीत तेल पडायचं. "अगं, एक बाई पडद्यांसाठी बोलत होती, कव्हरंही शिवता का विचारत होती. तुझा नंबर दिलाय हो तिला."

"उपकार झाले, जाऊबाई."

ऐकलंत ना? जाऊबाई! इतके दिवस 'ताई' होती. थोरलीची मान मशिनवरून झटकन वर आली.

"उपकार कसले?"

"तुमच्या ताटातलं उरलंसुरलं माझ्या पानात वाढता, हे काय कमी आहे?"

"मी काय वाढणार? तुझा नंबर तिथे लिहिलेला आहे ढळढळीत."

"लिहिलेला आहे. तोच प्रश्न आहे ना. लिहिलेला आहे आणि वाजत नाही."

दोघे भाऊ त्या वेळी दारात उभे होते. एकाने शिडी उचलली, दुसऱ्याने रॉड, आणि कुणी काही विचारायच्या आत दोघे कामावर निघूनही गेले. भांडण सुरू झालं की त्या दोघांना फार कामं असतात.

आता थोरलीलाही संशय यायला लागला. तिला वाटलं, धाकटीचं लक्षच नाही हल्ली. फोन आला तरी घेत नसेल. वेगळं व्हायचं मनात आहे, म्हणून आधी कुरबुर सुरू केलीये. धाकटी दुपारी कुठेतरी जाऊन येते, हेही तिने टिपलं होतं. आणि त्यात तथ्य होतं. धाकटी खरंच जागा बघत होती. मागच्या रस्त्याला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, एक खोली होती. उजेड कमी, पण दाराला स्वतःचं कुलूप.

एके सकाळी धाकटीने खडू घेतला आणि कापायच्या टेबलावर मधोमध रेघ मारली. बरोबर माझ्यासारखी. डावीकडे थोरलीचं कापड, उजवीकडे स्वतःचं.

"पुढच्या महिन्यात मी मशीन हलवते," ती म्हणाली.

थोरलीच्या पायाखालचं मशीन थांबलं. "का?"

"का ते तुम्हाला ठाऊक."

"मला ठाऊक असतं तर विचारलं असतं का?"

"तुमच्या भावाला विचारा मग."

थोरलीने सुईत दोरा ओवायला घेतला. तो ओवला जाईना. चार वेळा दोऱ्याचं टोक ओलं केलं, तरी जाईना. एरवी धाकटी उठून ओवून द्यायची. थोरलीला जवळचं नीट दिसत नाही, हे तिला माहीत आहे. त्या दिवशी ती उठली नाही. मी काचेआडून बघत होते, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. दुकान मोडलं तर माझी डावी बाजू एकीकडे राहील, आणि उजवी? उजवीला तर कुणी हातही लावत नव्हतं. ती पुसूनच टाकतील.

शेवटचं एक काम दोघींनी मिळून करायचं ठरलेलं होतं. एका शाळेच्या सभागृहाचा पडदा. भलं थोरलं कापड, जाड, जड. ते दोघींनीच धरायला हवं होतं. म्हणून त्या दिवशी टेबलाच्या दोन टोकांना दोघी उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता.

"ओढ."

"ओढलंय."

"तुझ्याकडून तिरकं जातंय."

"माझ्याकडूनच जात असणार. दुसरं कुणाकडून जाईल?"

तेवढ्यात एक नर्सबाई दुकानात आली. अंगावर कामाचा पोशाख, डोळे झोपेला आलेले. तिला झोपायच्या खोलीसाठी जाड अस्तराचे पडदे हवे होते. रात्रपाळी करून दिवसा झोपावं लागतं, उजेड अजिबात नको, असं म्हणाली. बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यातल्या सोफा-कव्हरांच्या ढिगावर गेली.

"अगंबाई, तुम्ही सोफ्याची कव्हरंही शिवता? मी गेल्याच आठवड्यात दुसरीकडे टाकली की शिवायला!"

धाकटीच्या हातातलं कापड सैल पडलं. "आमच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, बाई."

"कुठे? मी तुमची साइट बघूनच आले."

"उजवीकडे."

"उजवीकडे?" नर्सबाईने फोन काढला, मला उघडलं, आणि धाकटीपुढे धरला. "उजवीकडे तर माझा अंगठा आहे."

धाकटीने बघितलं. दुकानाचं नाव. खाली थोरलीचा फोटो, थोरलीचे पडदे, थोरलीचा नंबर. मग मधली रेघ, आणि रेघेपाशी फोन संपला. तिथून पुढे मी नव्हतेच.

कुणी आपल्यासमोर आरसा धरावा आणि त्यात आपला एकच कान दिसावा, तसं मला झालं. मी अर्धीच होते? इतके दिवस, इतक्या काचांवर, मी अर्धीच दिसत होते?

"बघितलंत?" धाकटीचा आवाज चिरकला. "कापलं मला! बरोबर रेघेवर कापलं! आता बोला, जाऊबाई. हे कुणाच्या भावाने केलं?"

थोरली टेबलाला वळसा घालून आली. फोन हातात घेऊन लांब धरला, डोळे बारीक केले. मग तिने स्वतःचा फोन काढला आणि त्यावर मला उघडलं. तुम्हाला सांगते, थोरलीच्या फोनवर मी पहिल्यांदाच गेले होते. धाकटीच्या फोनवर तर कधीच नाही. दुकानात एवढा मोठा कॉम्प्युटर असताना फोनवर कोण बघत बसणार, असं दोघींचं म्हणणं.

"अगं," थोरली हळूच म्हणाली, "माझ्यावरही तू दिसत नाहीस."

"तुमच्यावर कशाला दिसेन!"

"थांबा हो दोघी," नर्सबाई म्हणाली. तिला झोप येत होती आणि तिला पडदे हवे होते. तिने काचेवर बोट ठेवून मला आडवं ओढलं, आणि माझी उजवी बाजू बाहेरून आत आली. सगळी. धाकटीचा फोटो, अभ्रे, खोळी, नंबर. "इथे आहे की! बाहेर लपून बसलीय. पण एवढं कोण ओढून बघतंय? उभ्या उभ्या, एका हाताने? मला दिसलं नाही, मी गेले दुसरीकडे. सगळे असंच करतात."

किती दिवसांनी माझ्या उजव्या बाजूला कुणाचं बोट लागलं होतं! मला रडूच आलं असतं, पण मला डोळे कुठले.

धाकटीने सवयीने गळ्यातला टेप काढला. फोनच्या काचेला लावला. मग काउंटरवर जाऊन कॉम्प्युटरच्या काचेला लावला. मग टेप हातात लोंबकळत ठेवून तशीच उभी राहिली.

"माप तर आपण घेतलं होतं," थोरली म्हणाली. "दोघींनी घेतलं होतं. पण कुठल्या खिडकीचं घेतलं? आपल्याच."

धाकटी टेप गुंडाळायला लागली.

"गिऱ्हाइकाच्या खिडकीशी उभं राहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही म्हणते ना मी? जिथेतिथे सांगत फिरते. आणि ही," तिने माझ्याकडे बोट केलं, "ही आपण आपल्या खिडकीच्या मापाने शिवली आणि अख्ख्या गावाच्या खिडक्यांना टांगली."

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" धाकटीने विचारलं. आवाज खाली आला होता, पण डोळे अजून थोरलीच्या चेहऱ्यावर टेप लावत होते.

"डावी-उजवी निवडायला मी कुणाला सांगितलं होतं? तू डावी घेतली असतीस, तर आज मी बाहेर लटकत असते."

नर्सबाई म्हणाली, "पडद्यांचं माप घ्यायला कधी येताय?" तेव्हा कुठे दोघी भानावर आल्या.

दुपारी चष्मेवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, त्याने फोन बघितला, चष्मा काढला आणि पुसायला लागला. ह्या वेळी दोघी त्याचा चष्मा पुसून होईपर्यंत थांबल्या. हे मी प्रथमच बघत होते.

"मी म्हटलं होतं, सैल ठेवू," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, पक्की टीप मारा. टेप लावून बसलात. मग मी दोन्ही बाजू ठोकून टाकल्या. मोठ्या काचेवर बसतात. लहान काचेवर जेवढं मावेल तेवढं, बाकीचं बाहेर."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तुम्हाला कळलं ना? चोर कुणी नव्हताच. एकीची बाजू फुगेल ह्या भीतीने त्यांनी मला आवळून शिवलं, आणि त्या आवळण्यानेच मी अर्धी झाले. मी मात्र इतके दिवस ह्या शांत माणसाला चोर समजत होते. मला त्याची माफी मागायची होती. कशी मागणार?

"आता दोन उपाय आहेत," तो म्हणाला. "एक, फोनसाठी दुसरी छोटी वेबसाइट करायची."

दुसरी! ह्या वयात मला सवत?

"म्हणजे एकीत नवं कापड दाखवलं की दुसरीत पण दाखवायचं?" थोरलीने विचारलं. "एकीत बदललं आणि दुसरीत राहिलं, तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडेल. नको. दुसरा उपाय सांग."

"हिलाच उसवून पुन्हा शिवायची. सैल. म्हणजे काच जेवढी असेल तेवढी ही होईल. मोठ्या काचेवर पसरेल, लहान काचेवर स्वतःला मोडून घेईल. अक्षरं वाचता येतील एवढीच राहतील, गालगुच्चे घ्यायला नकोत. बटण अंगठ्याखाली. गिऱ्हाईक टिकतं त्याने. आणि इंटरनेटवर शोधणाऱ्या यंत्रातसुद्धा, पडदे शिवणारे म्हणून कुणी शोधलं, तर हिला हल्ली मागे ढकलत असणार. फोनवर नीट न दिसणाऱ्यांना ते पुढे बसवत नाही."

म्हणजे तेही होतं! मी मागच्या बाकावर का, ह्याचा मी कधीपासून विचार करत होते. मला वाटायचं, समोरच्या चौकातल्या पडदेवाल्याने काहीतरी करणी केलीये.

"पण," चष्मेवाला अडखळला, "फोनवर दोघी शेजारीशेजारी बसणार नाहीत. जागाच नाही. एक वर येईल, एक खाली."

बाहेर भाऊ आले होते, त्यांनी शिडी भिंतीला टेकवली होती. ती त्यांनी पुन्हा उचलली.

"हिला वर घाल," थोरली म्हणाली.

"का?" धाकटी ताडकन म्हणाली. "मला का वर?"

"बाई गं! डावी-उजवी विचारलं तेव्हाही तू असंच बघितलंस माझ्याकडे. वर म्हणजे वर. त्यात काय डाव असणार?"

"तेच तर. इतकं सहज कशाला म्हणता? तुम्ही थोरल्या, तुम्ही वर."

"मी नाही."

"मीही नाही."

चष्मेवाला कंटाळून म्हणाला, "सगळ्यात वर एकच बटण ठेवतो. 'माप घ्यायला बोलवा.' एकच नंबर. त्याचा फोन ह्या टेबलावर ठेवायचा. जिचा हात मोकळा, तिने घ्यायचा. खाली आळीपाळीने. एकदा उघडली की पडदे वर, पुन्हा उघडली की कव्हरं वर."

ते दोघींना पटलं. म्हणजे दोघींना त्यात काही खोट सापडली नाही.

ह्या वेळी माप नीट झालं. मला उसवून पुन्हा शिवल्यावर थोरलीने रस्त्यावरच्या सगळ्यांचे फोन मागून आणले. समोरच्या कुलूपवाल्याचा तडकलेल्या काचेचा, बेकरीवाल्याचा पिठाने भरलेला, दोघा भावांचे, झोपमोड करून नर्सबाईचा. कापायच्या टेबलावर सगळे ओळीने मांडले, आणि प्रत्येकावर मला उघडलं. कुलूपवाला म्हणाला, "हे काय, फोनचं दुकान काढताय?" थोरली म्हणाली, "गप बसा, खिडक्यांची मापं घेतेय." एकाच वेळी इतक्या काचांवर मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. प्रत्येकीवर वेगळी, आणि प्रत्येकीवर अख्खी. धाकटीचा हात टेपकडे गेला होता. पण तिने तो गळ्यातच राहू दिला.

त्या फोनांच्या खाली टेबलावर खडूची रेघ होती. फोन परत गेल्यावर थोरली सभागृहाच्या पडद्याचं राहिलेलं कापड ओढू लागली. एकटीने, एका टोकाने. कापड फिरायला लागलं. धाकटी मशिनशी बसून बघत होती. ते मशीन चार दिवसांत मागच्या रस्त्याला जायचं होतं.

"तिरकं जातंय, ताई," ती म्हणाली, आणि उठून दुसरं टोक धरलं.

ताई! मला ते एवढं स्पष्ट ऐकू आलं, की काच तडकते की काय असं वाटलं. जाड कापड टेबलावरून सरकलं, पुढे गेलं, मागे आलं. रेघ कधी पुसली गेली, ते दोघींनाही कळलं नाही.

मागच्या रस्त्याच्या त्या खोलीत आता दुसरंच कुणीतरी राहायला आलंय. टेबलावर एक फोन असतो. तो वाजला की दोघी एकमेकींकडे बघतात, आणि जिच्या तोंडात टाचण्या नसतात ती घेते. खुर्चीवर चढून खिडकीशी उभी असलेली माणसं एका अंगठ्याने आम्हाला बोलावतात. गालगुच्चे थांबलेत. शोधणाऱ्या यंत्राने मला थोडं पुढे सरकवलंय. नर्सबाईने तिच्या अख्ख्या कामाच्या जागेला माझा पत्ता दिलाय.

पण संशय इतक्या लवकर जात नाही, हेही सांगते. रोज सकाळी दुकानात आल्यावर थोरली आपल्या फोनवर मला हळूच उघडते. धाकटी वर दिसली की बंद करते, पुन्हा उघडते, स्वतः वर आली की फोन ठेवते. थोड्या वेळाने धाकटीही तेच करते. दोघींना वाटतं, दुसरीला कळत नाही. मला दोघींचं कळतं. मी काय, दोघींना वर बसवते आणि गप्प राहते.

मीही बदलले. कुठलीही नवी काच उघडली की आत शिरताना पहिल्यांदा चाचपून बघते, माझी उजवी बाजू बरोबर आली ना?

तुमचं दुकान असेल, गॅरेज असेल, दवाखाना असेल, तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेलच. ती तुमच्या टेबलावरच्या मोठ्या काचेत छानच दिसते. माझंही तसंच होतं. म्हणून एकच विनंती आहे. गिऱ्हाईक का येईना, म्हणून जावेवर, भावावर, समोरच्या दुकानदारावर डोळे वटारायच्या आधी, कुणा अनोळखी माणसाचा फोन मागून घ्या. दारात उभे राहा, एक हात पिशवीत अडकवून ठेवा, आणि दुसऱ्या हाताने तिला उघडा. ती अर्धी दिसली, तर तिला रागावू नका. तिला कुणीतरी फार घट्ट शिवलंय.

बरं, आता मला सोडा. टेबलावरचा फोन वाजतोय, आणि आज दोघींच्याही तोंडात टाचण्या आहेत.